भाऊराव गेले तेव्हा तबकडी नव्हती

१५ मार्च १९९४ रोजी अमेरिकेतल्या 'मॉटली क्रू' या बँडचा नवा आल्बम बाजारात आला. त्याला वेगळे नाव दिले नव्हते, बँडचे नाव तेच आल्बमचे नाव. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर १९८१ साली जमलेली ही चौकडी. केस फुगवलेले, डोळ्यांत काजळ, ओठांना रंग, अंगावर चामडे आणि साखळ्या, अशा थाटात तिने दहा वर्षे स्टेडियमे भरवली होती. या थाटाच्या संगीताला 'ग्लॅम मेटल' म्हणतात. १९८९ चा 'डॉक्टर फीलगुड' हा त्यांचा आल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता. पण फेब्रुवारी १९९२ मध्ये गायक विन्स नील बाहेर पडला आणि त्याच्या जागी 'द स्क्रीम' या बँडचा जॉन कोराबी आला. निर्माता जुनाच, बॉब रॉक. गिटार, बास, ड्रम वाजवणारे हातही तेच. कोराबीचा आवाज जाड आणि खरखरीत होता, शिवाय तो स्वतः गिटार वाजवत असल्यामुळे एका गिटारीच्या जागी दोन आल्या. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा बँडचा सर्वांत कसदार आल्बम वाटतो. यादीत तो सातव्या क्रमांकापर्यंत चढला आणि लगेच घसरला. दौऱ्यातली सभागृहे लहान होत गेली. १९९७ साली विन्स नील परत आला आणि कोराबीचे नाव बँडच्या इतिहासात कंसात गेले.

या आल्बमचे काय चुकले, यावर रॉकच्या जगात तीस वर्षे वाद चालू आहे. मराठी वाचकाला तो वाद परका वाटू नये. पुरुषांनी रंग लावायचा, केस सोडायचे, गाऊन रात्र जागवायची, आणि मुख्य गळा गेला की संस्थेचे काय होणार याची धास्ती घ्यायची, हे सगळे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. तेही एकदा नाही, एकाच नाटक मंडळीच्या आयुष्यात निदान तीनदा. किर्लोस्कर नाटक मंडळीची ही कथा एरवी बालगंधर्वांच्या चरित्रातला एक अध्याय म्हणून सांगितली जाते, त्यामुळे तिच्यातला खरा प्रश्न झाकला जातो. नव्या गायकाचे यश त्याच्या गळ्यावर ठरते असे आपण धरून चालतो. माझ्या मते ते त्याहून अधिक एका वेगळ्या गोष्टीवर ठरते: जुना आवाज त्या वेळी कुठे असतो? चितेवर गेलेला असतो, शेजारच्या थिएटरात असतो, की तबकडीत?

सुरुवात पहिल्या बदलापासूनच करायला हवी, कारण तो इतका सुखरूप पार पडला की कुणाच्या लक्षातही राहिला नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. दुष्यंत मोरोबा वाघोलीकर आणि शकुंतला शंकरराव मुजुमदार. मुजुमदारांचे नाव पुढे व्यवस्थापक म्हणून झाले, गायक म्हणून नाही. दोन वर्षांत बडोद्याचा एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा कंपनीत आला आणि नायिकेचा गळाच बदलला. हे भाऊराव कोल्हटकर. १८८२ च्या नोव्हेंबरात 'सौभद्र' आले आणि त्यातल्या सुभद्रेने मराठी प्रेक्षकाला 'स्त्रीपार्टी' गायक नटाचे वेड लावले ते पुढची पन्नास वर्षे उतरले नाही. मुजुमदारांनी पदर सोडला आणि हिशेबाची वही हातात घेतली. या माणसाची पुन्हा गाठ पडणार आहे.

भाऊरावांचा आवाज उंच, धारदार आणि लांब पोचणारा होता, असे त्यांच्या समकालीनांनी एकमुखाने लिहून ठेवले आहे. आपल्याला फक्त लिहिलेलेच मिळते, कारण १३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव वारले आणि हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्याला. वीस-एकवीस महिन्यांचे अंतर. ते नसते तर मराठी संगीत रंगभूमीचा पुढचा इतिहास निराळा झाला असता, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. भाऊरावांच्या दोन-चार तबकड्या निघाल्या असत्या, तर १९०५ साली किर्लोस्करांच्या पडद्यामागे उभ्या राहिलेल्या पोराला एका माणसाशी नव्हे, एका यंत्राशी टक्कर द्यावी लागली असती. यंत्र थकत नाही, त्याचा घसा बसत नाही आणि त्याचे वय वाढत नाही.

तो पोर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. जन्म १८८८ चा. 'बालगंधर्व' हे नाव लोकमान्य टिळकांच्या तोंडून त्याला लहानपणीच मिळाले होते. कानाच्या दुखण्यावर उपचार व्हावेत म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला मिरजेला पाठवले होते आणि मिरजेलाच १९०५ साली तो शकुंतला होऊन किर्लोस्करांच्या रंगमंचावर आला. भाऊराव गेल्यावर चार वर्षे कंपनी चाचपडत होती. नानासाहेब जोगळेकरांसारखा भारदस्त नायक होता, पण ज्या गळ्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून येत तो गळा नव्हता. सतरा वर्षांच्या नारायणाने ती पोकळी एका रात्रीत भरली, अशी आख्यायिका आहे. ती बऱ्याच अंशी खरीही आहे. इथेच पहिला आक्षेप उभा राहतो. बालगंधर्व म्हणजे शतकातून एकदा होणारा गळा, त्याला जुना आवाज कुठे आहे याच्याशी काय देणेघेणे? तो कुठेही उभा राहिला असता तरी जिंकला असता.

आक्षेपात तथ्य आहे, पण ते वाटते तेवढे नाही. भाऊराव आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नायिका राहिले नव्हते. वय झाले तसे ते पुरुष भूमिकांकडे वळले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'वीरतनय'मध्ये ते शूरसेन झाले आणि १८९९ साली देवलांच्या 'शारदा'मध्ये कोदंड. म्हणजे १९०५ च्या प्रेक्षकाला भाऊरावांची शकुंतला आठवायची तर निदान दहा वर्षे मागे जावे लागत होते, आणि तरुण प्रेक्षकाने ती पाहिलेलीच नव्हती. शकुंतलेची जागा मरणाने रिकामी झाली नव्हती, ती आधीच अर्धी रिकामी होती. नारायणाला भाऊरावांच्या नेमक्या पायखुणेवर पाय ठेवावा लागलाच नाही. तुलना झाली ती म्हाताऱ्यांच्या आठवणीशी, आणि आठवण ही नव्या गायकाची फार वाईट शत्रू नसते. ती पुसट होते, हळवी होते आणि समोर सुंदर गाणारा पोर दिसला की विरघळते.

शिवाय ज्या पदांवर हा बदल तोलला गेला, ती पदे कशी होती हेही पाहायला हवे. किर्लोस्करी पदांचा पाया साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा छंदांचा, कीर्तनातल्या आणि घरातल्या चालींचा. 'शाकुंतल'मध्ये अशी पदे दोनशेच्या आसपास आहेत. चार वाक्ये बोलायची की एक दिंडी, पुन्हा चार वाक्ये की एक साकी. साकीची चाल तिच्या वृत्तातच बसलेली असते. मात्रा मोजल्या की चाल येते, गाणाऱ्याने आपल्या मगदुराप्रमाणे तिच्यात एखादी हरकत टाकायची. ही पदे म्हणजे धोतरे होती, नेसणाऱ्याच्या अंगाने बसायची. मुजुमदारांनी सोडले ते भाऊरावांना झाले, भाऊरावांचे नारायणाला झाले. किर्लोस्कर कंपनीला पहिले दोन गळे बदलताना काही फाटले नाही याचे अर्धे श्रेय अण्णासाहेबांच्या या वस्त्राला द्यावे लागेल, आणि ते १८८५ सालीच वारले होते.

मग १२ मार्च १९११ ला मुंबईत 'मानापमान' आले आणि वस्त्र बदलले. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे पेटीवादक, उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, गझल, कजरी यांत मुरलेले. त्यांनी पदांची संख्या उतरवली आणि प्रत्येक पद मोठे केले. ठुमरीच्या वळणाची चाल साकीसारखी मात्रांवर चालत नाही. ती शब्दावर थांबते, तोच शब्द तीनदा वेगवेगळ्या लाडाने विचारते, सुराला झोका देते आणि मग समेवर अलगद टेकते. हे करायला एका विशिष्ट जातीचा गळा लागतो, आणि टेंब्यांच्या डोळ्यांसमोर तो बसलेला होता. भामिनीची पदे बालगंधर्वांच्या अंगावर बेतून शिवली गेली. पहिल्या प्रयोगाला जोगळेकर धैर्यधर होते. नाटक असे चालले की कंपनीने पूर्वी पाहिला नव्हता असा पैसा पाहिला. नवा गायक आला की त्याला जुन्या गायकाचे कपडे घालू नका, त्याच्या मापाचे नवे शिवा, हा धडा यातून कुणीही घेईल. मीही घेतला असता, पण १९१३ ची फाटाफूट आडवी येते.

१९११ च्या अखेरीस जोगळेकर वारले आणि कंपनीतला सांधा निखळला. कारभार मुजुमदारांच्या हातात, त्याच शंकररावांच्या, ज्यांनी तीस वर्षांपूर्वी शकुंतलेचा पदर सोडला होता. मंडळीची रचना त्या काळच्या बहुतेक कंपन्यांसारखी होती: मालक थोडे, पगारी नट पुष्कळ. ज्याच्या गळ्यावर तिकिटे खपत तो महिन्याचा पगार मोजून घेणारा, आणि पडदे, पोशाख, नाटकांचे हक्क, पुण्यातले किर्लोस्कर नाट्यगृह नि मुख्य म्हणजे नाव, हे सगळे मालकांचे. १९१३ च्या उन्हाळ्यात खाडिलकरांचे 'विद्याहरण' रंगभूमीवर आले आणि ते नवे असतानाच, जुलैमध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांनी नाव नेले नाही, गळा नेला. चाली लावणारा माणूसही गेला आणि पाठोपाठ खाडिलकरांची लेखणीही तिकडेच वळली.

इथे १९११ चे औषध १९१३ चे विष झाले. जी पदे एका गळ्याच्या मापाने शिवली होती ती आता किर्लोस्करांच्या पेटाऱ्यात पडून काय उपयोग? साकी-दिंडीची धोतरे कुणालाही नेसवता आली असती, हा अंगरखा दुसऱ्याच्या खांद्यावर चढेना. आणि ज्याच्या मापाचा तो होता, तो माणूस मेलेला नव्हता. तो त्याच शहरात, कधी कधी त्याच आठवड्यात, दुसऱ्या थिएटरात गात होता. प्रेक्षकाला आठवणीवर भागवायची गरज नव्हती, तांगा करून तिकडे जाता येत होते. नव्या गायकाच्या नशिबी यापेक्षा कठीण शेजार नाही.

त्या शेजारात किर्लोस्करांनी जो नवा गळा उभा केला तो दीनानाथ मंगेशकरांचा. जन्म २९ डिसेंबर १९००, गाव गोव्यातले मंगेशी. कंपनीत आला तेव्हा हा मुलगा चौदाच्या आतबाहेरचा. त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली, किंवा त्याच्या स्वभावानेच ती करवली: तो बालगंधर्वांसारखा गायलाच नाही. बालगंधर्वांचे गाणे मऊ, लयीला न दुखावणारे, शब्दाला गोंजारणारे. दीनानाथांचे गाणे म्हणजे चपळ, अवघड, अचानक वर झेप घेणारे, पंजाबी वळणाच्या तानांनी चमकणारे. पुढे धैर्यधराची पदे गायची वेळ आली तेव्हाही त्यांनी त्यांना स्वतःची वळणे दिली, आणि आज ती पदे ज्यांच्या कानांत आहेत त्यांच्यातल्या निम्म्यांच्या कानांत दीनानाथांचीच वळणे असतील. कंपनीनेही आपल्या परीने नवे शिवले. राम गणेश गडकऱ्यांचे 'पुण्यप्रभाव' १९१६ साली किर्लोस्करांनीच आणले. म्हणजे नवा गळा होता, तो अस्सल होता, नवे नाटककार होते, नवी पदे होती. नव्या गायकाच्या आल्बमला लागणारे सगळे साहित्य चुलीजवळ मांडलेले होते.

आणि तरी कंपनी सावरली नाही. याचे कारण दीनानाथांच्या गळ्यात शोधणे हा अन्याय होईल, कारण त्या गळ्याने पुढे स्वतःच्या बळावर मोठी कंपनी चालवली. किर्लोस्कर मंडळीने १९१३ च्या फाटाफुटीतून कारभाराचा धडा घेतला नाही. गळा पुन्हा पगारीच राहिला. १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले आणि त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. नाव ठेवताना त्यांनी जे केले त्याला दाद द्यावी लागते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे मूळ नाव बळवंत. आडनाव मालकांकडे राहिले, तेव्हा यांनी अण्णासाहेबांचे मूळ नाव उचलले. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला वारले. त्यांचे 'भावबंधन' बळवंत मंडळीने केले, त्यात दीनानाथ लतिका आणि चिंतामणराव घनश्याम, आणि 'एकच प्याला' त्याच वर्षी गंधर्व मंडळीने बडोद्याला केले. किर्लोस्करांचे दोन्ही गळे आणि त्यांच्या शेवटच्या मोठ्या नाटककाराची दोन्ही मोठी नाटके, सगळे बाहेर. आत उरले पडदे आणि नाव.

आता दुसरा, अधिक वजनदार आक्षेप. जुना गायक जिवंत शेजारी असला की नवा बुडतो, असे म्हणायचे तर अमेरिकेतलेच एक उदाहरण ते खोडून काढते. 'व्हॅन हेलन' या बँडचा गायक डेव्हिड ली रॉथ १९८५ साली बाहेर पडला. तो जिवंत होता, बोलघेवडा होता, स्वतःचे आल्बम काढत होता. त्याच्या जागी सॅमी हेगर आला आणि १९८६ चा '५१५०' हा त्या बँडचा पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला आल्बम ठरला. मग 'मॉटली क्रू'लाच काय झाले? विन्स नीलनेही १९९३ मध्ये स्वतःचा आल्बम काढला होता, तो शेजारच्याच दुकानात मिळत होता. फरक नावात आहे. 'व्हॅन हेलन' हे गिटारवादक आणि ड्रमवादक भावांचे आडनाव आहे. ऐकणाऱ्याच्या मनात तो बँड एडी व्हॅन हेलनच्या बोटांचा होता, गळा कुणाचाही असो. शिवाय हेगरबरोबरच्या दौऱ्यात त्यांनी रॉथच्या काळातली गाणी मोजकीच ठेवली. म्हणजे नव्या माणसाला जुने कपडे फारसे नेसवले नाहीत, आणि संस्थेचा आत्मा गळ्यात नव्हताच, म्हणून तो गळ्याबरोबर गेला नाही.

'मॉटली क्रू'चे उलटे झाले. आल्बम नव्या गळ्याच्या मापाचा शिवला, हे बरोबर केले. पण त्याला नाव दिले नुसते बँडचे, जणू हाच खरा बँड आणि मागचा सगळा खोटा. प्रेक्षक सभागृहात आला तो दहा वर्षे जपलेल्या तबकड्या कानात घेऊन, आणि जुनी गाणी सुरू झाली की प्रत्येक ओळीला त्याच्या कानात दुसराच आवाज वाजत होता. काळही फिरला होता, हे मान्य करायला हवे. 'निर्वाणा'चा 'नेव्हरमाइंड' १९९१ च्या सप्टेंबरात आला आणि काजळ-लिपस्टिकचा जमाना शिळा झाला. कोराबीचा आल्बम बाजारात येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच 'निर्वाणा'चा गायक कर्ट कोबेन गेला आणि रॉकच्या जगाला दुसरे काही सुचेना. फक्त काळाचाच दोष असता तर मात्र १९९७ साली विन्स नील परतल्यावर निघालेला बँडचा आल्बम चौथ्या क्रमांकावर गेला नसता. फॅशन तेव्हाही परतली नव्हती, परतला होता तो फक्त तबकडीतला आवाज.

'एसी/डीसी'चे उदाहरणही याच बाजूचे आहे. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला वारला, ब्रायन जॉन्सन आला आणि जुलैत 'बॅक इन ब्लॅक' आले, जगात सर्वाधिक खपलेल्या आल्बमांपैकी एक. स्कॉटच्या तबकड्या होत्या, पण स्कॉट नव्हता. मेलेल्या गायकाच्या जागी उभ्या राहणाऱ्याकडे लोक वारसदार म्हणून पाहतात, भांडून गेलेल्याच्या जागी उभ्या राहणाऱ्याकडे उपरा म्हणून. १९०५ चा नारायण वारसदार होता. १९१३ नंतर किर्लोस्करांकडे जो कुणी उभा राहिला असता तो उपराच ठरला असता.

महाराष्ट्रात याला एक तिसरी वाटही सापडली, आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीला काढलेली ललितकलादर्श ही सर्वस्वी त्यांच्या गळ्यावर उभी होती. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त 'मानापमान'मध्ये केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, ही लढत पाहायला मुंबई लोटली. आणि तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. कंपनी बापूराव पेंढारकरांकडे आली. बापूराव गात होते, चांगले गात होते, पण केशवरावांशी स्पर्धा करायच्या भरीला ते पडले नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' आणले. रंगमंचावर चितारलेल्या पडद्यांऐवजी खऱ्यासारखी खोली, कथेत राजे-रजवाड्यांऐवजी वकील आणि त्यांच्या कटकटी. पुढे 'तुरुंगाच्या दारात' अस्पृश्यतेवर, 'सोन्याचा कळस' गिरणीतल्या मजुरांवर. लोक आता काय गातात यापेक्षा काय दाखवतात हे पाहायला येऊ लागले. बापूरावांनी कंपनीचे केंद्र गळ्यातून काढून नाटकात नेऊन ठेवले, म्हणून गळा बदलूनही कंपनी उभी राहिली आणि १९३७ मध्ये ते वारल्यावरही तिचे नाव पुसले गेले नाही. त्यांच्या मुलाने, भालचंद्र पेंढारकरांनी, ते पुन्हा चालवले. किर्लोस्करांचे नाव मात्र आज आपण फक्त इतिहासात घेतो.

या सगळ्या हालचालींच्या नकाशावर एक मोठा भाग कोराच राहतो. पडदे, पोशाखाचे पेटारे, शंभरेक माणसांचे बिऱ्हाड आणि स्वयंपाकाची भांडी घेऊन निघणारी कंपनी रेल्वेच्या रुळांवरून फिरत होती. पुणे, मुंबई, सोलापूर, हुबळी, बडोदे, इंदूर, नागपूर हे तिचे मुक्काम. निजामाच्या राज्यातला बीड जिल्हा त्या वाटेवर नव्हता. गोदावरीच्या दक्षिणेला गेवराई तालुक्यात तलवाडा हे त्वरितादेवीचे ठाणे आहे, तिथे कधी रूळ पोचले नाहीत. अशा गावाने किर्लोस्कर, गंधर्व, बळवंत यांतली कोणती मंडळी पाहिली असणार? तिथपर्यंत पोचली ती तबकडी, पुढे रेडिओ. तिथल्या ऐकणाऱ्याला मंडळी कोणाची, मालक कोण, १९१३ ला काय भांडण झाले, याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याच्यापुरता नारायणराव हा एक आवाज होता आणि दीनानाथ दुसरा. तबकडीने संस्था गाळून टाकली आणि गळा तेवढा ठेवला.

अशाच देवीच्या ठाण्यांवर दुसरी एक रीत शतकानुशतके चालत आली आहे, आणि ती या प्रश्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. गोंधळात संबळ वाजवणारा आणि आख्यान लावणारा बापाकडून मुलाकडे बदलत जातो. आवाज जाड होतो, पातळ होतो, एखादा बेसूरही निघतो. गोंधळ देवीचा असतो, गोंधळ्याचा नसतो, म्हणून कुणी म्हणत नाही की जुना गेला आणि आता गोंधळात राम राहिला नाही. कार्यक्रम कुणाच्या नावाचा आहे यावर गायक बदलण्याची सगळी वेदना अवलंबून असते. अण्णासाहेबांची पदे या रीतीला जवळची होती, छंद आधी, गळा मागून. टेंब्यांची चाल आणि ग्रामोफोनची सुई यांनी मिळून ते नाते उलटे केले.

कुणी म्हणेल, हे खरे असेल तर तबकडी ही नव्या गायकाची वैरीणच झाली. तिने त्याच्यापुढे न मरणारा प्रतिस्पर्धी उभा केला, तिच्यामुळेच कोराबी हरला. हे मी वर म्हटलेच आहे आणि त्यापासून मागे हटत नाही. पण हिशेबाची एक बाजू राहते. १९०१ ते १९०५ या चार वर्षांत किर्लोस्करांच्या रंगमंचावर भाऊरावांच्या मागे ज्यांनी ज्यांनी गाण्याचे ओझे वाहिले, त्यांचा एक सूरही आपल्या हाती नाही. ते वाईट गात होते की बरे, हे ठरवायला काही साधनच नाही. ते फक्त 'बालगंधर्वांच्या आधीचे' एवढेच उरले. कोराबीची गोष्ट तशी संपली नाही. त्याने १९९४ च्या त्या आल्बममधली गाणी वयाच्या साठीला पोचताना स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वादकांना घेऊन पुन्हा गायली, नॅशव्हिलच्या एका रात्रीचे ते गाणे २०१८ मध्ये आल्बम म्हणून निघाले, आणि ते ऐकायला आलेल्यांना प्रत्येक ओळ पाठ होती.